अनुदान बांधाला द्या

३० सप्टेंबर २०२४ला राज्य सरकारनं देशी गाईला राज्यमाता ठरवलं आणि गोशाळांना देशी गाईमागं रोज ५० रुपये मंजूर केले. आटपाडीकडच्या आमच्या वस्तीवर दावणीला दोन खिलार गाई आणि एक बैलजोडी आहे. त्यांच्या वाट्याला यातलं काही येत नाही. आम्ही त्या सोडून द्यायला हव्या होत्या बहुतेक.

शेण काढणारी मी, त्यामुळं हिशेब तोंडपाठ आहे. मोठं जनावर दिवसाला १० किलोच्या आसपास शेण टाकतं. कुजून त्याचं निम्म्याहून कमी उरतं. सासूबाईंची रीत अशी, की शेतातली कोरडी माती जनावरांखाली पसरायची, ती मूत पिऊन भिजली की उकिरड्यावर ओढायची. एवढं करून चार जनावरांचं वर्षाचं खत अडीच-तीन एकरांना पुरतं, म्हणून दरसाल रान बदलायचं. खत पडलेल्या रानात ओल टिकते. पावसानं ओढ दिली की तिथली मालदांडी उशिरा माना टाकते.

पण खताआधी माती जागेवर राहायला हवी. आजेसासऱ्यांनी घातलेल्या ताली आम्ही राखल्या त्या पुण्यासाठी नव्हे, वैरणीसाठी. तालींवर मारवेल आणि पवन्या आहे. पावसाळ्यात तिथं जनावर सोडत नाही, कापून गव्हाणीत टाकतो. गवताची मुळं ताल धरून ठेवतात. आजूबाजूला बैल विकले गेले, ट्रॅक्टर आला (खोल नांगरटीला आम्हीही भाड्यानं बोलावतो) आणि बांधावरचं गवत खाणारं कुणी उरलं नाही. मग बांध कोरले. प्रत्येकाला पिकाच्या दोन-चार ओळी जास्त मिळाल्या, आणि वळवाच्या पावसात ओघळी पडून वरची माती ओढ्याला गेली. खाली मुरूम.

बैल का गेले, तेही बोलू. २०१५च्या कायद्यानं बैलांच्या कत्तलीवर बंदी आली आणि थकलेला बैल विकायची वाट बुजली. खोंड वाढवायचा तर त्याच्या म्हातारपणाची वैरणही आपल्याच गळ्यात. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना मान्यता दिल्यावर पळणाऱ्या खोंडाचं कौतुक वाढलं. खरसुंडीच्या बाजारात कुळव ओढणाऱ्याला कोण विचारतं?

युरियाच्या पोत्यावर केंद्राचं अनुदान आहे, घरच्या उकिरड्यावर नाही. गोशाळांना मिळतंय त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शेतकऱ्याला द्यायचं तर जनावरं मोजून देऊ नका, कागदावर गाई वाढतील. गवत राखलेल्या बांधाच्या मीटरमागं द्या, रानात पडलेल्या खताच्या गाडीमागं द्या आणि म्हातारा बैल दावणीला ठेवणाऱ्याला कडब्यापुरतं तरी द्या. मोजणार कोण, असं विचारतील. रान वाहून गेल्यावर पंचनाम्याला येणाऱ्या साहेबांकडं टेप असतेच. भाद्रपदात गवत उभं असताना ती तालीवर धरायला त्यांना कुणी अडवलेलं नाही.