‘कळवतो’ म्हणजे नाही

उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यांत, अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत हात तयार झालेले आपले तरुण आता स्वतःचा धंदा मांडू पाहतात. गुंतवणूकदाराकडे जातात. चहा मिळतो, वर ‘कल्पना छान आहे, थोडे वाढा, मग बघू, कळवतो.’ पोरगा सहा महिने फोनकडे डोळे लावून बसतो. बांधवांनो, हा नकारच असतो.

हिशेब कच्चा असेल तर कोणीच पैसे देणार नाही, हे मान्य. पण कारणच सांगितले नाही, तर हिशेब नडला की आडनाव, हे कळायचे कसे? अमेरिका-इंग्लंडहून परतलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय काढला होता. जात कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली.

खासगी गुंतवणूकदाराला कारण विचारण्याचा हक्क आपल्याला नाही. बँकेला मात्र आहे. कर्ज नाकारल्यास मुख्य कारण लेखी कळवावे, कर्ज कितीही असो, हा रिझर्व्ह बँकेचा २००७ पासूनचा दंडक. शिवाय अनुसूचित जातीच्या अर्जदाराला नकार शाखेने द्यायचा नाही, तो वरच्या पातळीवर, कारणासह द्यायचा. म्हणूनच कित्येकदा साहेब अर्जच घेत नाहीत, ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणतात! अर्ज द्या आणि पोच हातात पडल्याशिवाय टेबलापुढून उठू नका.