जडेजाची अदलाबदल रास्त, मुंबईची कर्णधारनिवड मात्र नाही

मा. संपादक,


आयपीएलमध्ये चेन्नईने रवींद्र जडेजाला राजस्थानकडे सोपवल्यापासून आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात कृतघ्नपणा, निष्ठा, गुलामांचा बाजार हे शब्द वारंवार येत आहेत. बहुतेक पत्रलेखक शेवटी रोहित शर्मावर येऊन थांबतात: मुंबईने २०२३ मध्ये रोहितला कर्णधारपदावरून हटवून केले तेच आता चेन्नईने केले, असे त्यांचे म्हणणे. मला हे पटत नाही. चेन्नईचा निर्णय रास्त होता, मुंबईचा नव्हता.

आधी त्या ‘बाजारा’विषयी. मुकादमाची उचल अंगावर घेऊन उसाच्या फडात कोयता चालवायला जाणारी जोडपी आम्ही दरवर्षी गाड्यांत बसताना पाहतो. बीड जिल्ह्यात राहून १४ कोटींच्या कराराला गुलामी म्हणायला तोंड उघडत नाही. आयपीएलमध्ये खेळाडूच्या संमतीशिवाय अशी अदलाबदल होत नाही. जडेजाचे मानधन १८ कोटींवरून १४ वर आले, तेही त्याच्या मान्यतेने. याच जडेजावर २०१० मध्ये, राजस्थानशी बांधील असताना दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केल्याबद्दल, एका हंगामाची बंदी आली होती. खेळाडूने बोलणी केली तर बेशिस्त आणि मालकांनी केली तर व्यवहार, हा दुटप्पीपणा आहेच. त्याविरुद्ध कोणी पत्र लिहिले तर खाली माझीही सही घ्या.

आता चेन्नईकडे पाहू. २०२५ मध्ये हा संघ १४ पैकी ४ सामने जिंकून तळाला गेला. यष्टींमागे चव्वेचाळिशीचा धोनी. अशा वेळी ३१ वर्षांचा, यष्टिरक्षण आणि सलामी दोन्ही करणारा संजू सॅमसन मिळत असेल, तर सदतिशीला टेकलेला जडेजा आणि सोबत सॅम करन देणे यात अविचार कुठे आहे? २०२३ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या २ चेंडूंवर १० धावा हव्या असताना जडेजाने मारलेला षटकार आणि चौकार आमच्याकडेही कोणी विसरलेले नाही. पण त्या दोन फटक्यांवर २०२६ चा संघ बांधता येत नाही. मुख्य म्हणजे सॅमसन राजस्थानचा कर्णधार होता, तरी चेन्नईने लगेच सांगून टाकले की कर्णधार आपला ऋतुराजच. पुण्याच्या त्या पोराची खुर्ची हलली नाही.

मुंबईत नेमके उलटे झाले. रोहितला कर्णधारपदावरून बाजूला करण्याला माझा विरोध नाही, हे वाचून काही मित्र रागावतील. तो ३६ वर्षांचा होता. आयपीएलच्या २०२२ च्या हंगामात त्याच्या नावावर एकही अर्धशतक नव्हते, पुढच्या वर्षीही सरासरी विशीच्या आसपासच राहिली. २०२३ च्या विश्वचषकात त्याने ५९७ धावा केल्या हे खरे, पण तो पन्नास षटकांचा खेळ. पाच विजेतेपदांचा कर्णधार असला तरी बदलाचा विचार करणे गैर नव्हते.

गैर होते ते पुढचे पाऊल. १४ डिसेंबर २०२३ ला जोहान्सबर्गमध्ये सूर्यकुमार यादवने भारताचा कर्णधार म्हणून शतक ठोकले आणि सामना १०६ धावांनी जिंकून दिला. त्याआधी ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका त्याने ४-१ अशी जिंकली होती. दुसऱ्याच दिवशी मुंबईने जाहीर केले की कर्णधार हार्दिक पंड्या. २०१३ पासून मुंबईत असलेल्या आणि कसोटीत भारताचे नेतृत्व केलेल्या जसप्रीत बुमराचाही विचार झाला नाही.

हार्दिकही मूळचा मुंबईचाच, असे उत्तर येईल. होता ना! पण २०२१ मध्ये चारच खेळाडू राखता येत होते, तेव्हा मुंबईने रोहित, बुमरा, सूर्यकुमार आणि पोलार्ड यांना ठेवले, हार्दिकला जाऊ दिले. ज्यांच्यासाठी त्याला सोडले त्यांपैकी सूर्यकुमार आणि बुमरा यांनाच दोन वर्षांनी त्याच्यासाठी डावलले. तेही हार्दिक विश्वचषकात पुण्यात घोटा दुखावून बसलेला असताना. गुजरातला त्याने एक विजेतेपद आणि एक उपविजेतेपद मिळवून दिले हे मान्य. त्याला खेळाडू म्हणून परत आणायला कोणाची हरकत होती?

संघातल्याच खेळाडूकडे कर्णधारपद द्यावे हे मुंबईला कळत नव्हते असेही नाही. २०१३ मध्ये धावा होईनात म्हणून रिकी पाँटिंग स्वतः बाजूला झाला आणि हंगाम चालू असतानाच सूत्रे संघातल्या पंचविशीतल्या रोहितकडे आली. त्याच वर्षी मुंबई पहिल्यांदा जिंकली.

२०२४ मध्ये मुंबई तळाला गेली म्हणून निर्णय चुकला, किंवा २०२५ मध्ये दुसऱ्या पात्रता सामन्यापर्यंत पोहोचली म्हणून तो बरोबर ठरला, हे दोन्ही मी मानत नाही. निर्णय घेताना समोर काय होते ते पाहावे. आणि हार्दिकचा यात दोष काय? वानखेडेवर त्याची हुर्यो इतकी उडवली की नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना आवरावे लागले. तीन महिन्यांनी त्याने बार्बाडोसला टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात १६ धावा वाचवल्या, तेव्हा तेच वानखेडे त्याच्या नावाने घुमले. संचालकांवरचा राग खेळाडूवर काढण्याची ही सवय आपल्यालाही लागली आहे; चौकातल्या टीव्हीसमोर मी ती रोज पाहतो.

सचिन धसने १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत ९६ धावा केल्यापासून बीडमध्ये पोरे लिलावाच्या याद्याही बारकाईने वाचतात. ती मला विचारतात, सूर्यकुमारचे काय चुकले होते? माझ्याकडे उत्तर नाही. मुंबईच्या व्यवस्थापनाने ते आजवर दिलेले नाही. एप्रिल २०२६ अखेर रोहितची ३९ वर्षे पूर्ण होतात आणि त्याच्या सलामीच्या जागेचा प्रश्न आज ना उद्या येईलच. त्या वेळी बाहेरच्या कोणाशी बोलणी सुरू करण्यापूर्वी मुंबईने ड्रेसिंग रूममध्ये बसलेल्यांना विचारावे आणि काय ठरले ते चाहत्यांना कारणांसह सांगावे.

आपला,
एक वाचक
अंबाजोगाई, जि. बीड