अखेरच्या दिवसांतील स्वर

रोग बरा होणार नाही असे सांगून डॉक्टर रुग्णाला घरी नेण्याचा सल्ला देतात, तेव्हा आता करायचे काय, हा प्रश्न घरापुढे उभा राहतो. पेढीवर दिवसभर बोलून व्यवहार मार्गी लावणारा कर्ता मुलगाही वडिलांच्या उशाशी निःशब्द होतो. जेथे शब्द अडतात तेथे स्वराचा आधार होतो.

जैन परंपरेला ही जाण जुनी आहे. आचार्य शिवार्यांच्या ‘भगवती आराधना’ या प्राकृत ग्रंथात समाधिमरण साधणाऱ्या क्षपकासाठी 48 निर्यापकांची योजना आहे. देहाची शुश्रूषा जशी काहींकडे, तसे धर्मकथा ऐकविण्याचे कार्यही काहींकडे सोपविलेले आहे.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वरकरणी प्रतिसाद न देणाऱ्या काही मरणासन्न रुग्णांचे मेंदू स्वरांतील बदल टिपत असल्याचे आढळले. ऐकलेले त्यांना उमगत होते का, हे मात्र त्यावरून ठरत नाही. तरीही उशाशी बसणाऱ्याने आपला स्वर वाया जातो असे मानू नये.

संगीतोपचारक रुग्णाच्या श्वासाच्या गतीने गुणगुणू लागतात आणि मग लय हळूहळू संथ करतात. घरच्यांनाही नवकार मंत्र किंवा रुग्णाच्या आवडीचे स्तवन एकदोघांच्या मंद आवाजात असे म्हणता येते. अहोरात्र लावून ठेवलेली ध्वनिफीत किंवा भेटीस आलेल्यांचा उच्च स्वरातील सामूहिक पाठ त्याला थकवू शकतो. कपाळी आठी पडली, हातांची चुळबुळ वाढली, श्वास जलद झाला, तर थांबावे. शांतता हीही सेवाच होय. वेदना असेल तर वेदनाशामक औषध द्यावेच. स्वर त्याची जागा घेऊ शकत नाही.

जैन परिभाषेत ‘राग’ म्हणजे आसक्ती. म्हणून या स्वरांनी जाणाऱ्याला बांधून ठेवू नये, त्याचे मन निवावे. राहणाऱ्यांचेही मन त्यात हलके होते. वाटणीवरून अबोला धरलेल्या भावांना एकमेकांशी बोलणे जड जाते, पण वडिलांसाठी एक स्तवन सोबत म्हणता येते. क्षमापनेची वाट तेथून निघू शकते.

कोणते स्तवन आणि कोणाच्या आवाजात, हे मात्र रुग्ण बोलू शकतो तोवर त्यालाच विचारून ठेवावे.