सही आपली, बंदूक दुसऱ्याची

"नोकरी देतो, पण बंदुकीचा परवाना तुझ्या नावावर काढायचा. पैसे मी भरतो. बंदूक माझ्याकडे राहील." एखादा मालक किंवा कंत्राटदार असे म्हणाला, तर आपल्या घरच्या कर्त्या माणसाने काय करावे? गिरण्या बंद पडल्यापासून सोलापुरातल्या पुष्कळ घरांची चूल पहाऱ्याच्या नोकरीवर पेटते. म्हणून हा प्रश्न आज घेऊ.

उत्तर एका ओळीचे आहे. नाही म्हणावे.

कारण असे. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ३ प्रमाणे बंदुकीचा परवाना माणसाला मिळतो, पैशाला नाही. अर्जदाराचे वय २१ पूर्ण आहे का, त्याला पूर्वी शिक्षा झाली आहे का, हे पोलीस अहवाल मागवून पाहिले जाते. या चौकशीत जो टिकणार नाही, तोच दुसऱ्याची सही शोधतो. परवान्यावर नाव, पत्ता आणि बंदुकीचा नंबर आपला. उद्या त्या बंदुकीतून गोळी सुटली, तर पोलीस पहिल्यांदा आपल्याच दारात येणार. तोवर मालकाने हात झटकलेले असतील.

कायदा आता पूर्वीपेक्षा कडक आहे. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगणाऱ्याला साधारणपणे किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद व दंड आहे. बेकायदा हत्यार विकणे, दुसऱ्याच्या हवाली करणे याबरोबर ते 'मिळवणे' हेही त्या दुरुस्तीने गुन्ह्यात घातले. त्याला किमान सात वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप. म्हणजे मित्रासाठी कुठून तरी गावठी कट्टा आणून देणारा पोरगा "माझा नव्हता, मी फक्त आणून दिला" असे म्हणून सुटत नाही. समोरच्याला हत्यार बाळगण्याचा हक्क आहे की नाही याची खात्री न करता ते त्याच्या हाती देणे, हाही कलम २९ खाली गुन्हा आहे.

मुंबईच्या १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यातले उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. अभिनेता संजय दत्त याला बेकायदा हत्याराबद्दल झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये कायम केली, फक्त ती सहा वर्षांवरून पाच वर्षे केली. कुटुंबाच्या रक्षणासाठी हत्यार घेतले, हे कारण चालले नाही. पण आपण लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच आहे. त्याचा फोन आल्यावर ती बंदूक घरातून हलवण्याच्या आणि नष्ट करण्याच्या कामात जे मित्र गुंतले, त्यांच्यावरही खटला चालला आणि त्यांतल्या दोघांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. बंदूक त्यांची नव्हती. शिक्षा मात्र त्यांची झाली.

मग दुसऱ्याची बंदूक हाती घेताच येत नाही का? येते, पण ठरलेल्या मर्यादेत. परवानाधारक समोर असेल, किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तर दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्याच्या वापरासाठी बंदूक नेता येते. तोंडी निरोप पुरत नाही. बँक किंवा संस्थेच्या बंदुकीवर पहारा करायचा असेल, तर परवान्यावर आपले नाव नोंदले आहे का ते पाहावे आणि त्याची झेरॉक्स घरी ठेवावी.

वडील वारले आणि त्यांची बंदूक घरात आहे, तर ती मुलाची आपोआप होत नाही. विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि मग वारसाने अर्ज करावा.

परराज्यातून परवाना आणून देणाऱ्या एजंटापासून चार हात दूर राहावे. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात अपात्र लोकांना २.७८ लाखांहून अधिक परवाने दिले गेल्याचा आरोप सीबीआयने २०२१ मध्ये केला. माहिती लपवून घेतलेला परवाना रद्द होतो. एजंटाला दिलेले पैसेही जातात.

जिवाला खराच धोका असेल तर सरळ रस्ता आहे. शहरात पोलीस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे स्वतःच्या नावाने अर्ज करावा. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे कलम १४ सांगते. नाकारला तर कारण लेखी मागावे आणि अपील करावे.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजातल्या फार थोड्यांना माहीत आहे. अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या १९९५ च्या नियमांत, नियम ३ मध्ये, अत्याचाराचा धोका असलेल्या भागात काय करावे ते लिहिले आहे. अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे परवाने रद्द करून त्यांची हत्यारे सरकारजमा करावीत, बेकायदा हत्यारे जप्त करावीत आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत, असा तो नियम आहे. १९९० पासून बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश असल्याने तो आपल्यालाही लागू आहे. गावात दहशत असेल तर याच नियमाचा आकडा घालून अर्ज करावा, त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी आणि ती प्रत जपून ठेवावी.

दुसऱ्याच्या बंदुकीसाठी केलेली सही आपल्याला आरोपी करते. स्वतःच्या हक्कासाठी केलेला अर्ज आपल्याला नागरिक म्हणून उभे करतो. घरातल्या तरुण मुलांना हा फरक आजच सांगा.