एम५० ठेवावा की आर६ घ्यावा?

लग्नसराई तोंडावर आली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत कॅमेऱ्याविषयीचे प्रश्न वाढतात. या वेळी रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आहे. त्यांच्या मुलीला मामूंनी कुवेतहून येताना कॅननचा ईओएस एम५० आणून दिला. आधी घरातली मेहंदी, मग मोहल्ल्यातले निकाह, असे करत ती आता बायकांच्या बाजूचे फोटो पैसे घेऊन काढू लागली आहे. त्या बाजूला फोटो काढणारी मुलगीच हवी असे पुष्कळ घरे म्हणतात, त्यामुळे कामाची ददात नाही. आता मुलीचे म्हणणे असे, की हा कॅमेरा कमी पडतो, कॅननचाच आर६ मार्क २ घेऊ. अम्मी विचारतात, त्यासाठी पाटल्या मोडाव्यात का?

पाटल्यांचा निर्णय त्या घरानेच घ्यायचा. आम्ही एवढेच करू शकतो, की पाटल्या मोडून हातात नेमके काय येईल ते सांगू. दोन्ही कॅमेरे आम्ही एकाच संध्याकाळी एकाच हॉलमध्ये वापरून पाहिले आहेत.

एम५० आला २०१८ मध्ये, नवशिक्यांसाठी. अमेरिकेत तो लेन्ससह ८९९ डॉलरला निघाला. आर६ मार्क २ आला २०२२ च्या नोव्हेंबरात आणि त्याची नुसती बॉडीच २,४९९ डॉलरची. आपल्याकडे ती दोन लाखांच्या वर गेली, लेन्सचा खर्च वेगळा. इतका फरक असताना फोटोचे माप मात्र दोघांचे एकच आहे, २४ मेगापिक्सेल. म्हणजे लांबीला सुमारे ६,००० आणि रुंदीला ४,००० ठिपके. लग्नाच्या अल्बमचे १२ बाय १८ इंचांचे पान चांगल्या दर्जाने छापायला ५,४०० बाय ३,६०० ठिपके पुरतात. अल्बमसाठी एम५० कमी पडतो हे म्हणणे म्हणून खरे नाही. उन्हात, अंगणात, ओटीवर काढलेले दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर कोणता कशाने काढला हे सांगणे आम्हालाही जड गेले.

मुलीची तक्रार तरीही खोटी नाही. ती अंगणातली नाही, हॉलमधली आहे. रात्रीचा वलीमा, पिवळे बल्ब, मंचावर रंगीत दिवे, मध्ये अंधाराचे तुकडे. तिथे फोटो दाणेदार येतात आणि हात किंवा माणूस हलला की पुसट होतात. याचे कारण सेन्सरच्या आकारात आहे. सेन्सर म्हणजे प्रकाश झेलणारी पाटी. एम५०ची पाटी सुमारे २२ बाय १५ मिलिमीटरची, आर६ मार्क २ची ३६ बाय २४ची. क्षेत्रफळ काढले तर दुसरी पाटी सुमारे २.६ पट मोठी. पावसात लहान वाटीऐवजी ताट ठेवावे तसे तिच्यावर त्याच वेळात २.६ पट प्रकाश पडतो. एम५०वर आयएसओ ३२०० ला जितके दाणे दिसतील, तितके आर६ मार्क २वर साधारण ८००० ला दिसावेत, असा हा हिशेब आहे.

आता लेन्सचा हिशेब पाहा, कारण दुकानदार तो सहसा मांडत नाही. एम५०बरोबर मिळणारी १५-४५ मि.मी.ची लेन्स पूर्ण लांब केली की तिचे तोंड एफ ६.३ पर्यंत आकसते. तिथे एफ १.८ची लेन्स लावली तर आत येणारा प्रकाश बारा पट होतो. दोन लाखांच्या बॉडीने २.६ पट आणि तिच्या शेजारी किरकोळ वाटावी अशा किमतीच्या लेन्सने बारा पट! म्हणून त्या मुलीचे हॉलमधले फोटो बिघडण्यात कॅमेऱ्यापेक्षा त्याच्या तोंडावरच्या लेन्सचा वाटा मोठा आहे असे आमचे मत आहे. याला एक अट आहे. तोंड इतके उघडे ठेवले की फोकस उथळ होतो. नवरीचा चेहरा सुरेख येतो, पण तीन रांगांचा ग्रुप फोटो काढला तर मागच्या खाला आणि फुफी धूसर होतात. ग्रुपसाठी एफ ५.६ वर येऊन फ्लॅश लावावाच लागतो, कॅमेरा कोणताही असो. एम५०ला छोटा फ्लॅश अंगातच आहे. तो मोठ्या हॉलला पुरत नाही, पण आहे. आर६ मार्क २ला तोही नाही.

लेन्स घेताना एक सावधगिरी. एम५०ची लेन्स ज्या खाचेत बसते तिला ईएफ-एम म्हणतात. कॅननने ही मालिका २०२३ मध्ये बंद केली. आर६ची खाच वेगळी, आरएफ. ईएफ-एम लेन्स आर६वर बसत नाही, अ‍ॅडॉप्टर लावूनही नाही. पण कॅननच्या जुन्या डीएसएलआरची ईएफ लेन्स योग्य अ‍ॅडॉप्टरने दोन्हींवर बसते आणि फोकसही आपोआप होतो. तेव्हा ५० मि.मी. एफ १.८ एसटीएम ही ईएफ लेन्स आणि एम५०साठी अ‍ॅडॉप्टर घेतला तर तो पैसा वाया जाणार नाही. पुढे कधी आर६ आला तर त्याचा वेगळा अ‍ॅडॉप्टर घ्यायचा, लेन्स तीच. एवढे लक्षात ठेवावे, की एम५०वर ही ५०ची लेन्स ८० मि.मी.सारखी जवळ आणते. चेहरे, मेहंदीचे हात, दागिने यांना उत्तम, खोलीभर माणसांना निरुपयोगी. खोलीसाठी ईएफ-एमचीच २२ मि.मी. एफ २ छान आहे. ती जुन्या बाजारात स्वस्तात मिळाली तर घ्यावी, नवी शोधत बसू नये.

इथवर आम्ही जुन्या कॅमेऱ्याची बाजू घेतली. पण एका बाबतीत मुलगी बरोबर आहे, आणि ती बाब आमच्या मते सेन्सरपेक्षा मोठी आहे. आर६ मार्क २मध्ये मेमरी कार्डाला दोन खाचा आहेत. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर लिहून ठेवता येतो. एम५०मध्ये खाच एकच. कार्ड क्वचितच बिघडते, पण बिघडते. घरच्या ईदचे फोटो गेले तर हळहळून सोडून देता येते. लोकांच्या मुलीची रुखसती पुन्हा होत नाही आणि घेतलेले पैसे परत करून ती भरपाई होत नाही. एम५०वर यावर उपाय इतकाच, की एक मोठे कार्ड न वापरता लहान कार्डे वापरावीत, निकाह झाला की कार्ड बदलावे, भरलेले कार्ड अंगावरच्या पर्समध्ये ठेवावे आणि त्याच रात्री झोपण्यापूर्वी दोन ठिकाणी उतरवून घ्यावे. ही दोन ठिकाणे स्वतःच्या ताब्यातली असावीत. पडद्यातल्या घरांनी विश्वासाने काढू दिलेले फोटो आहेत. अल्बम बनवणाऱ्याकडे निवडलेलेच फोटो द्यावेत, सगळे कार्ड नाही.

बाकीचे फरक थोडक्यात. फोकस नव्याचा निर्विवाद सरस आहे. चालत येणाऱ्या नवरीच्या डोळ्यावर तो चिकटून राहतो. एम५० चेहरा धरून ठेवतो, डोळा मात्र माणूस स्थिर असतानाच ओळखतो. आर६ मार्क २च्या अंगात थरथर शोषणारी योजना आहे. ती आपल्या हाताची थरथर घालवते, धावणाऱ्या मुलांची गती थांबवत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. खुतबा चालू असताना शटरचा खटका नको असेल तर नव्यात शांतपणे फोटो काढता येतात, पण काही एलईडी दिव्यांखाली त्या पद्धतीने आडवे पट्टे उमटतात, आधी एक-दोन फोटो काढून पाहावेत. व्हिडिओ एम५० एका दमात अर्ध्या तासाच्या आतच घेतो. त्याचा ४के व्हिडिओ दृश्य इतके कापतो, की खोली मावत नाही, फोकसही चाचपडतो. त्यावर फुल एचडीच वापरावे. एम५०ची बॅटरी कंपनीच्या मोजणीने २३५ फोटोंची, शिवाय ती यूएसबीने चार्ज होत नाही. आणखी दोन बॅटऱ्या हव्यातच. वजनात मात्र जुना जिंकतो. लेन्स धरून तो साधारण ५२० ग्रॅम. आर६ मार्क २ त्याच्या २४-१०५ एफ ४ लेन्ससह १,३७० ग्रॅम. पाच तास गळ्यात अडकवून पाहिल्यावर आकड्याचा अर्थ कळतो.

आता पाटल्या. समजा, एका कार्यक्रमाचा सगळा खर्च जाऊन मुलीच्या हाती ४,००० रुपये उरतात. बॉडी आणि तिला साजेशी लेन्स मिळून तीन लाख धरले तर ते फिटायला ७५ कार्यक्रम लागतील. रमजान आणि कोकणातला पावसाळा वजा करून वर्षात किती कामे येतात हे मुलीच्या वहीत असेलच, ती उघडावी. हप्त्यांचा विचार असेल तर व्याजाचा प्रश्न येतो. ‘बिनव्याजी’ म्हटलेल्या हप्त्यांतही प्रक्रिया शुल्क किती आणि रोखीने घेतल्यावर मिळणारी सवलत किती बुडते, हे दुकानदाराकडून कागदावर लिहून घ्यावे, आणि शंका राहिली तर जाणत्या आलिमांना विचारावे.

आमचा सल्ला असा. या सराईत पाटल्या मोडू नयेत. ५०ची लेन्स, अ‍ॅडॉप्टर, दोन बॅटऱ्या आणि चार लहान कार्डे घ्यावीत. एखाद्या मोठ्या लग्नात सगळी जबाबदारी एकट्या मुलीवर असेल, तर त्या दिवसापुरता दोन कार्डांचा कॅमेरा भाड्याने आणावा. मुंबई-पुण्यात असे कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात. भाडे ग्राहकाला आधीच सांगून बिलात धरावे. असे भाडे दर महिन्याला भरावे लागू लागले, तर मात्र स्वतःचा घेण्याची वेळ आली असे समजावे. तेव्हाही मार्क २चाच हट्ट नको. २०२० चा पहिला आर६ जुना पण नीट वापरलेला मिळाला तर पाहावा. तो २० मेगापिक्सेलचा, म्हणजे कागदावर एम५०पेक्षा कमी, पण पाटी तीच मोठी, कार्डे दोन आणि थरथर शोषणारी योजनाही आहे.

आणि नवा आला तरी एम५० विकू नये. मालिका बंद पडल्याने त्याचे फार पैसे यायचे नाहीत. तो दुसरी बॉडी म्हणून पिशवीत राहू द्यावा. एकावर जवळची लेन्स, दुसऱ्यावर रुंद, म्हणजे गर्दीत उभे राहून लेन्स बदलताना आत धूळ जात नाही आणि एक कॅमेरा अडला तरी निकाह अडत नाही.