वय नको, पाळी विचारा

शिबिराच्या नोंदतक्त्यात ‘स्त्रिया : १५ ते ४९’ एवढाच रकाना असतो, मग पन्नाशीच्या बाईला बसवायचे कुठे, असे विचारणारी पत्रे या महिन्यातही आली. तक्रार रास्त आहे, पण हा आकडा वरूनच झिरपत आला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची स्त्रियांची प्रश्नावली याच वयोगटासाठी असते. २०१९-२१च्या फेरीत रक्तदाब आणि साखर पंधरा वर्षांवरील सर्वांची मोजली. पण रक्तक्षयाचा गाजलेला ५७ टक्क्यांचा आकडा ४९लाच थांबतो. २०१८च्या ‘अॅनिमिया मुक्त भारत’मध्येही मोठ्या बाईची ओळख ‘प्रजननक्षम’, गरोदर किंवा स्तनदा एवढीच. असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीत ती तिशीपासून असते खरी, पण तिथे मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोग पाहतात. हाडे आणि स्नायू कोणाच्याच खात्यावर नाहीत.

मुळात वय हा निकषच इथे अपुरा आहे. आपल्याकडे रजोनिवृत्तीचे सरासरी वय ४६-४७च्या आसपास आहे. अमेरिकेत १९९६मध्ये सुरू झालेल्या ‘स्वान’ या दीर्घ अभ्यासात हाडांची झीज शेवटच्या पाळीच्या सुमारे वर्षभर आधी वेग घेते आणि पुढची दोनेक वर्षे तो वेग टिकतो, असे दिसले. शेवटची पाळी कोणती, हे मात्र १२ महिने कोरडे गेल्यावरच कळते. म्हणजे निदान कागदावर येईपर्यंत या तीन वर्षांतली दोन संपलेली असतात. ज्यांचे गर्भाशय काढले आहे त्यांना पाळीची खूणही उरत नाही. बीजाशये काढली असतील तर रजोनिवृत्ती शस्त्रक्रियेबरोबरच येते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांवरून २०१९मध्ये राज्यात गदारोळ झाला. त्यांच्यातली पस्तिशीची बाई आजही तक्त्यात ‘प्रजननक्षम’ म्हणूनच भरली जाते!

पण शासनाला बोल लावून आपण सुटत नाही. आपल्यातल्या किती जणांच्या केसपेपरवर शेवटच्या पाळीची तारीख असते? ‘चाळिशीनंतरचा आहार’ म्हणून एकच छापील कागद सर्वांच्या हाती ठेवला जातो: १,२०० कॅलरी, भात बंद, रात्री सूप. काटा खाली येतो, पण चरबीबरोबर स्नायूही जातात आणि आपण त्याला यश म्हणतो. आयसीएमआर-एनआयएनच्या २०२०च्या शिफारशीनुसार ५५ किलोच्या स्त्रीला रोज सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने हवीत. पातळ वरणाच्या वाटीतून जेमतेम पाचेक ग्रॅम मिळतात आणि उपवासाच्या साबुदाण्यातून जवळजवळ काहीच नाही. जे काही असते ते दाण्याच्या कुटाचे. प्रथिने परवडत नाहीत, हा आक्षेप पावडरच्या डब्याला लागू आहे. फुटाणे, शेंगदाणे, अंडी, काट्यासकट चावून खाता येणारी सुकी मासळी यांना नाही. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. मग गोळी लिहिण्याआधी भाकरी किती होते, हे विचारायला काय हरकत आहे? पाळी जाणे नैसर्गिक आहे, त्याचा आजार कशाला करायचा, असेही काही सभासद म्हणतात. ते नैसर्गिक आहे म्हणूनच त्याची तयारी ताटात आणि व्यायामात व्हायला हवी. नंतरचे मनगटाचे किंवा खुब्याचे फ्रॅक्चर कोणी नैसर्गिक म्हणून सोडून देत नाही. मात्र आहाराने गरम वाफा हमखास थांबतात, असे आश्वासन कोणी देऊ नये. सोयाबीनबाबतचा पुरावा संमिश्र आहे; त्रास फार असेल तर बाईला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. पाळी थांबून वर्ष झाल्यावर थेंबभर रक्त दिसले तरी ताबडतोब पाठवावे.

तेव्हा नव्या आदेशाची वाट पाहू नका. उद्याच्या पहिल्या केसपेपरवर हाताने चार रकाने आखा: शेवटची पाळी, रक्तस्रावाचे प्रमाण, गर्भाशय-बीजाशयाची शस्त्रक्रिया, आठवड्यातून किती दिवस ताकदीचा व्यायाम. अंगावरून जास्त जात असेल तर थकव्याला वयाचे नाव देऊ नका, हिमोग्लोबिन पाहा. तो छापील कागद रद्दीत घाला. आणि पुढच्या शिबिरात ‘४९’वर सरळ काट मारून पुढच्या स्त्रियांची नोंद करा, तक्त्याची एक प्रत पत्रासह जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे धाडा. एकट्याचे पत्र फाइलीत जाईल. प्रत्येक तालुक्यातून गेले तर उत्तर द्यावेच लागेल.