इफेक्ट टाका, पण सांगून!

राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून काढलेल्या फोटोत पद्मावती माची चक्क खेळण्यातली वाटू शकते. ही कमाल टिल्ट-शिफ्ट इफेक्टची. खरी लेन्स लाखाच्या घरात जाते. अ‍ॅपमध्ये मात्र फोटोचा वरचा-खालचा भाग ब्लर केला, रंग भडक केले की झालं! एवढं ब्लर एरवी छोट्या वस्तूंच्या क्लोजअपमध्ये येतं, म्हणून डोळा फसतो.

एडिटिंग करा, मजा येते. पण भोर-वेल्ह्याला येणारे अनेकजण फोटो बघूनच ठिकाण ठरवतात. १४०३ मीटर उंचीचा तोरणा किंवा मढे घाटातला सरळसोट कडा फोटोत चिमुकला दिसला, तर पावसाळ्यात तिथल्या धोक्याचा अंदाज येणार कसा? पोस्टखाली ‘एडिटेड’ लिहा, मूळ फोटोही जोडा. लाइक्स कमी होणार नाहीत.